मळक्या परकराची गल्ली

९ सप्टेंबर

फ्रॅन जाणार आहे. हे आधी लिहून टाकतो, मग बाकीचं लिहिता येईल.

सकाळी डेस काकाबरोबर एंटविसलांच्या घरी गेलो होतो, जिन्यावरचं कार्पेट उखडायला. कॉलेज अर्धवट टाकून आल्यापासून मी काकाच्याच हाताखाली आहे. तो कार्पेटं घालतो, मी गुडघे सोलून घेतो. "उखडायचं, आणि नवं नाही घालायचं?" काकाने विचारलं. फ्रॅनची आई लोरेन म्हणाली, "घर विकायला काढलंय रे डेस. खालचं लाकूड दिसलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं म्हणे."

फ्रॅन स्टुलावर चढून पडद्यांच्या दांड्या सोडवत होती. दोन स्क्रू दातात धरून तिने मला सगळं सांगितलं. बाप घर सोडून गेला त्याला दोन वर्षं झाली, पण घरातला त्याचा अर्धा वाटा जागच्या जागी आहे. घर विकलं की आई अँगलसीला मावशीकडे जाणार आणि ही ग्लासगोला, जनावरांच्या दवाखान्यातल्या नर्सचं शिक्षण घ्यायला. तिची जागा कॉलेजवाल्यांनी एकदा पुढे ढकलून दिलीय, आता जानेवारीच्या पुढे थांबणार नाहीत. "आईला या घरात एकटीला टाकून मी जायची नाही. म्हणजे सगळं घरावर अडलंय," ती म्हणाली. मग स्क्रू हातात घेऊन हसली. "डेक, मी खरंच जाणार रे!"

मला डेक म्हणणारी ती एकटी. बाकी सगळ्यांचा मी डेक्लन.

एप्रिलमध्ये कालव्याच्या काठी तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. बराच वेळ. दिवसभर उभी होते, थकले, असं म्हणाली. पण थकलेलं माणूस काय कुणाच्याही खांद्यावर डोकं ठेवतं?

१० सप्टेंबर

गिऱ्हाईक मिळालंय. मँचेस्टरचं जोडपं. घर पसंत, परसू पसंत, लोरेन म्हणते ती किंमत पसंत. अडलंय फक्त गल्लीच्या नावावर. त्यातली बाई कुठल्याशा शाळेची हेडमास्तरीण आहे. मकी पेटिकोट लेन, म्हणजे मळक्या परकराची गल्ली, असला पत्ता ती स्वतःच्या नावाखाली लिहिणार नाही म्हणते.

आम्हा ब्रॅकनशॉकरांना असल्या नावांचं काही वाटत नाही. आमच्याकडे थंड पेजेचं अंगण आहे, तीन खोटारड्यांचा बोळ आहे, आणि स्मशानाकडे चढणाऱ्या रस्त्याला घाईची टेकडी म्हणतात. पण मळका परकर सगळ्यांच्या वरताण. पाटी वर्षातून दोनदा तरी चोरीला जाते. पिझ्झावाला पत्ता ऐकला की शिवी देऊन फोन ठेवतो. उन्हाळ्यात कुठून कुठून लोक येतात आणि पाटीखाली दात काढून फोटो घेतात.

तर आता गल्लीतल्या काही जणांनी नाव बदलायचा अर्ज केलाय. नवं नाव मेडो व्ह्यू, कुरणाचा देखावा. समोर टायरचं गोदाम आहे.

नाव टिकलं तर ती बाई घर घेणार नाही. तिने घर घेतलं नाही तर फ्रॅन जाणार नाही. हे मी तोंडाने कुणाला बोलणार नाही. पण इथे खोटं लिहून काय मिळवायचंय?

१६ सप्टेंबर

चार नंबरच्या मिसेस पिकपकडून सगळी रीत समजून घेतली. त्यांना जुनंच नाव हवंय, म्हणून मला चहा मिळाला.

आमच्या नगरपालिकेत असल्या गोष्टी कागदावर होत नाहीत, दारफेरी होते. ठरलेल्या दिवशी नगरपालिकेची बाई गल्लीत येते, दर घराचं दार ठोठावते, घरच्या कर्त्या माणसाला विचारते, बदलायचं की नको. बारा घरांपैकी आठांनी 'बदला' म्हणायला हवं. आणि जे दार उघडलं नाही, ते 'नको'त धरायचं. फेरी एकदाच. पुन्हा कुणी येत नाही.

"असं का?" मी विचारलं.

"असंच. माझ्या सासूच्या वेळेपासून. ज्याला नाव बदलायचंय त्याने घरी थांबायला नको का?"

मला हे न्यायाचं वाटलं. जुनं मोडायचं तर मोडणाऱ्याने कष्ट घ्यावेत.

२० सप्टेंबर

तीन संध्याकाळी दारोदार फिरलो. इतिहास हा माझा विषय होता, त्याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. सात नंबरला सांगितलं की जुन्या गिरणीतल्या बायकांनी संपात परकराचाच झेंडा केला होता. नऊ नंबरला सांगितलं की इथे धोबिणी राहायच्या. दोन्ही मी दारात उभं राहून बनवलं. आज मिसेस पिकपनी रस्त्यात गाठलं.

"काय हो इतिहासकार, परवा परकर संपातल्या बाईचा होता, काल धोबिणीचा झाला. कॉलेजात हेच शिकत होता का?"

"दोन्ही शक्यता आहेत," मी म्हणालो.

"हाकललं म्हणतात ते उगाच नाही."

मला हाकललं नाही. मी निघून आलो. डॉक्टर प्रेंटिसबाई सगळ्या वर्गासमोर माझ्या निबंधाला भावनेचा चिखल म्हणाल्या. मी तिथल्या तिथे तो फाडला, खुर्ची लाथेने उडवली आणि लीड्सहून पहिल्या गाडीने घरी आलो. हाकलणं वेगळं, हे वेगळं. मिसेस पिकपना हे ऐकवलं तेव्हा माझा आवाज जरा चढला असेल. त्या आपल्या बाजूच्या आहेत हे नंतर आठवलं.

२७ सप्टेंबर

फ्रॅनशी भांडण.

तिला कुणीतरी सांगितलं की मी नावासाठी फिरतोय. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे. दुपारच्या सुट्टीत बाहेर आली ती पांढरा कोट तसाच घालून.

"तुला काय पडलंय रे? तू स्टेशन रोडला राहतोस."

मी वारसा वगैरे बोललो. शंभर वर्षांची नावं पुसायची आणि जागोजागी कुरणं आणि झरे लिहायचे, असं. चांगलं बोलत होतो.

"वारसा!" ती म्हणाली. "शाळेत पोरं माझा स्कर्ट मागून वर करायची. दाखव बघू मळलाय का, म्हणायची. रोज, तीन वर्षं. बँकेत पत्ता सांगितला की काउंटरवरचा माणूस शेजारच्याला हाक मारतो. बाबा घर सोडून गेले त्या दिवशी आईने वकिलाला फोन केला आणि तो पत्ता ऐकून हसला. आई रडत होती आणि तो हसला. तुला माहीतय?"

"मी कधी तुझा स्कर्ट ओढला नाही."

"नाही. तू बाजूला उभा राहून हसायचास."

मी म्हणालो, मी चौदा वर्षांचा होतो. ती म्हणाली, मीही. मग घड्याळ बघून आत गेली.

एवढी चिडली ती. ज्याचं आपल्याला काही वाटत नाही त्याच्यावर माणूस इतकं चिडत नाही. दिवसभर याच विचारावर तग धरला.

२ ऑक्टोबर

अकरा नंबरच्या विल्फ ऑर्मरॉडकडे गेलो. अठ्ठ्याऐंशीचा आहे, गल्लीतच जन्मला, गल्लीतच म्हातारा झाला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. लहानपणी त्याच्या कोळशाच्या कोठीत आम्ही लपाछपी खेळायचो. हा तर आपलाच, असं धरून चाललो होतो.

"नाव?" तो म्हणाला. "मला बाबा आवडतं. माझी आई म्हणायची, इथे घोट्यापर्यंत चिखल असायचा, बाया जायच्या त्या परकर भरवूनच जायच्या. एवढीच गोष्ट. तुझ्या झेंड्याची मी ऐकली." आणि ढास लागेपर्यंत हसला.

"मग 'नको' म्हणा."

"नाही पोरा. लोरेनला शब्द दिलाय."

लोरेन रोज कामावर जाताना आणि आल्यावर त्याच्या डोळ्यांत औषध घालते. त्याचे हात थरथरतात, थेंब गालावर पडतात. दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही म्हणाला. "नवरा गेला त्या दिवशीसुद्धा आली. तिचेच डोळे सुजले होते. मी म्हटलं, अगं, आज तुझ्याच डोळ्यांत घालायला हवेत."

मी जरा जोरात बोललो. गल्लीशी गद्दारी, असा शब्द वापरला. त्याने रागावून बोलायचं सोडून माझीच कीव केली. "कोण पोरगी आहे?" असं विचारलं. मी उठून आलो.

११ ऑक्टोबर

दारफेरी गुरुवारी, सतराला. मिस थ्रेलफॉल नावाची बाई येणार आहे, दहा ते पाच. सात घरं नक्की 'बदला'. चार घरं नक्की 'नको'. उरला विल्फ.

एका म्हाताऱ्याच्या हो-नाहीवर माझं आयुष्य. झोप नाही. आई म्हणते, तुझा चेहरा उतरलाय, लोहाच्या गोळ्या घे.

१५ ऑक्टोबर

विल्फची माफी मागायला गेलो. खरंच माफीसाठीच गेलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, मरायच्या आधी एकदा मोरकॅमला जाऊन समुद्र बघायचाय. लग्नानंतर एडनाला घेऊन तिथेच गेला होता. आता बसचा प्रवास झेपत नाही, आणि नेणार कोण?

मी म्हटलं, काकाची व्हॅन आहे.

मग त्याने विचारलं, आज कुठला वार. मी सांगितलं. चहा झाला आणि त्याने पुन्हा विचारलं, आज कुठला वार.

१६ ऑक्टोबर

काही लिहीत नाही. म्हाताऱ्याला समुद्र बघायचाय. त्यात वाईट काय आहे? कुणीतरी न्यायलाच हवं होतं. त्याच्या शेजाऱ्यांपैकी कुणाला सुचलं नाही, मला सुचलं.

१७ ऑक्टोबर

नऊच्या सुमारास त्याच्या दाराशी गेलो. लोरेन थेंब घालून कामावर गेली होती. फ्रॅनने आज सुट्टी घेतलीय, आईऐवजी घरात तीच थांबणार. त्यांचं दार गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आहे. विल्फ बनियनवर चहा पीत बसला होता.

"चला, मोरकॅम."

त्याचा चेहरा उजळला, मग गोंधळला. "आज कुठला वार? आज घरी थांब म्हणालं होतं कुणीतरी."

"बुधवार," मी म्हणालो. "थांबायचंय ते उद्या."

हे शब्द मी किती सहज बोललो. आवाज जराही हलला नाही.

त्याने मयतीला घालायचा काळा कोट घातला, कारण चांगला कोट तेवढाच. आम्ही मागच्या बोळाने निघालो. व्हॅन तिकडे लावली होती. तिकडे का लावली, ते त्याने विचारलं नाही.

वाटेत तो सारखा बोलत होता. एडना, डेपोतली नोकरी, ब्याण्णव सालचा बर्फ. मी हसत होतो. मला खरंच मजा येत होती, हे लिहून ठेवतो.

मोरकॅमला पोहोचलो तर समुद्र नव्हता. ओहोटी. नजर पोहोचेल तिथवर ओला, राखाडी चिखल आणि त्यात एक उलटी पडलेली खुर्ची. वारा असा की बोलता येईना.

"समुद्र कुठाय?" विल्फने विचारलं.

"येईल."

"तेव्हाही असंच झालं होतं. एडना म्हणाली, मला फसवून आणलंस, इथे पाणीच नाही." तो कठड्याला धरून हसला. "येईपर्यंत थांबायचं?"

"थांबू की."

भरतीला अजून कितीतरी अवकाश आहे हे मला माहीत होतं. आधीच बघून ठेवलं होतं.

आम्ही खिडकीशी बसून लोण्यातली कोळंबी खाल्ली. त्याच्या हाताने निम्मी टेबलावर सांडली. मी ती बोटांनी उचलून त्याच्या ताटात ठेवली. वाढणारी बाई म्हणाली, "आजोबांची किती काळजी घेतो! नशीबवान आहात हो." विल्फ म्हणाला, "नातू नाही, शेजारचा आहे. शेजारी चांगले लाभले मला." मी बाथरूमला जाऊन आलो.

पाणी आलं ते दिवस कलताना. आवाज नाही, लाटा नाहीत. चिखलावरून नुसतं काचेसारखं सरकत आलं, आणि बघता बघता कठड्याखाली समुद्र होता. विल्फने टोपी काढली. वाऱ्याने त्याचे चार केस उभे राहिले. मग म्हणाला, "बास. आता मेलो तरी चालेल." डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने किंवा औषधाची वेळ झाल्याने.

येताना रेडिओ लावला. बातम्या देणाऱ्या बाईने वार सांगितला.

विल्फ म्हणाला, "ती गुरुवार म्हणाली."

"चुकली असेल."

"रेडिओवाली?"

मी रेडिओ बंद केला. घरापर्यंत तो हात मांडीवर ठेवून समोर बघत बसला होता.

गल्लीत शिरलो तेव्हा मिस थ्रेलफॉलची गाडी बाहेर पडत होती. विल्फच्या दारात लोरेन उभी होती, कामावरचा कोट अंगात, हातात थेंबांची बाटली. "विल्फ! कुठे होता तुम्ही? सगळीकडे शोधलं. ती बाई तीनदा वाजवून गेली."

विल्फने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सांगणार.

"समुद्रावर," तो म्हणाला.

लोरेनने त्याचा हात धरून त्याला आत नेलं. दिवे लागले.

१८ ऑक्टोबर

सात. नाव राहिलं.

मिसेस पिकपनी खिडकीत युनियन जॅक लावलाय. मला रस्त्यात मिठी मारली, म्हणाल्या, देवानेच त्या म्हाताऱ्याला बाहेर काढलं. आनंद झालाय. पण जेवण जात नाही. कोळंबी असेल.

२५ ऑक्टोबर

मँचेस्टरवाल्यांनी नकार कळवला. दुसरीकडे घेतलं त्यांनी, कुठल्याशा पार्क अव्हेन्यूला.

आज काकाबरोबर एंटविसलांकडे पुन्हा गेलो, जिन्यावर कार्पेट घालायला. लोरेन म्हणाली, हिवाळा इथेच काढायचा तर पायाला लाकूड गार लागतं. एजंट म्हणालाय, आता वसंतात बघू, पण आधीच्याही दोन गिऱ्हाइकांनी पत्ता ऐकूनच पाठ फिरवली होती. तेच जुनं कार्पेट आम्ही पुन्हा ठोकलं. खिळ्यांची भोकंसुद्धा जुनीच सापडली.

फ्रॅन खाली आली नाही. वरून लोरेनचा आवाज येत होता, "तू जा गं, मी राहीन की एकटी." आणि फ्रॅनचा, "आई, पुरे."

काकाने हातोडी थांबवून माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी व्हॅन कशाला हवी होती म्हणालास?"

"सामान आणायला."

"सीटखाली वाळू आहे," तो म्हणाला आणि पुन्हा ठोकायला लागला.

१ नोव्हेंबर

विल्फ दार उघडत नाही. आतून खोकल्याचा आवाज येतो, म्हणजे आहे. दोनदा वाजवलं. फळं दारात ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी ती तिथेच होती, वर गोगलगाय.

९ नोव्हेंबर

फ्रॅन माझ्याबरोबर सिनेमाला आली!

मी सहज विचारलं होतं. नाही म्हणेल या तयारीनेच. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चल." ग्लासगोला तिने कळवून टाकलंय, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. ते सांगतानाही रडली नाही. सिनेमात काय होतं ते आठवत नाही. माझा हात तिच्या हाताशेजारी होता. परतताना ती अचानक म्हणाली, "डेक, तुला मला काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, "बरंच काही." आणि लाजलो. तिला कळलं असणारच.

२३ नोव्हेंबर

तिसरा शनिवार. तिने पुन्हा तेच विचारलं, तुला काही सांगायचंय का. आज मी सांगून टाकलं. तू मला शाळेपासून आवडतेस. ती म्हणाली, "हं." मग म्हणाली, "एवढंच?"

एवढंच म्हणे! मी म्हटलं, हे काय कमी आहे? ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर नुसता अंधार होता. हल्ली ती बारीक झालीय. दुकानातल्या दिव्याखाली तिचा चेहरा पिवळट दिसतो. तिला हवापालट हवा. वसंतात तिला कुठेतरी नेईन.

मी खूश आहे. निदान असायला हवा.

३ डिसेंबर

डॉक्टर प्रेंटिसबाईंचा फोन! मला वाटलं खुर्चीचे पैसे मागतील. त्या म्हणाल्या, चिखल म्हणाले ते मी जास्त बोलले, पण खुर्ची तूही जास्तच लांब उडवलीस. जानेवारीत परत ये, सहामाही बुडणार नाही असं बघते. मी म्हणालो, विचार करतो. आई दाराआडून ऐकत होती, एप्रनने तोंड झाकून उभी.

जाणार नाही. आत्ता कुठे फ्रॅन माझ्याबरोबर हिंडायला लागलीय.

१४ डिसेंबर

कसं लिहू. जसं झालं तसं.

सिनेमा सुटल्यावर कालव्याच्या कडेने चालत येत होतो. मी तिला फोनचं सांगितलं. म्हणालो, मी नकार कळवणार आहे. तुझ्यासाठी.

ती थांबली. "तुला जाता येतंय?"

"हो, पण..."

"आणि तू जाणार नाहीस."

"तुला सोडून नाही जाणार."

ती हसली. तसलं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. "विल्फने त्याच संध्याकाळी आईला सांगितलं, डेक्लन."

मी म्हणालो, "काय सांगितलं?"

"तेवढं तरी नको करूस." तिचा आवाज फाटला. "रडत होता तो. तुला शिव्या नाही दिल्या त्याने. मीच वार लक्षात ठेवायला हवा होता म्हणत होता. आईची माफी मागत होता. त्याचे थेंब राहत नव्हते डोळ्यांत, आई घालायची आणि ते वाहून जायचे."

"मग तू माझ्याबरोबर का..."

"पहिल्या शनिवारी वाटलं, आज हा सांगेल. म्हणून आले. मग दुसऱ्या शनिवारी वाटलं. दर वेळी तू पॉपकॉर्न घेऊन यायचास, आणि मला वाटायचं, आता बोलेल, आता बोलेल. सांगितलं असतंस ना, तर मी तुला मारलं असतं. ओरडले असते. मग पुढचं काय ते बघितलं असतं. पण तू तर खूशच होतास. केवढा खूश होतास रे तू!"

मी म्हणालो की मी तिच्यावर प्रेम करतो.

"करत असशील. मी काय करू त्याचं?"

पाण्यात एक बदक झोपलं होतं, चोच पिसांत खुपसून. मी त्याच्याकडे बघत विचारलं, "आता मी काय करू?"

"जा लीड्सला. मी माफ करीन म्हणून नाही. सकाळी दुकानाचं शटर उघडलं की समोर तू दिसतोस, ते नको म्हणून."

ती पुढे गेली. मी मागे गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणावर ओरडलो नाही, आणि तेव्हा ओरडण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच.

१७ डिसेंबर

विल्फच्या दाराशी उभा राहिलो. वाजवलं नाही. आत रेडिओ चालू होता. वार सांगत होता.

१९ डिसेंबर

प्रेंटिसबाईंना हो म्हणून सांगितलं.

आईने मावशीला फोन केला, मग दुसऱ्या मावशीला. काकाने पाठीत थाप मारली. मिसेस पिकपना कुठून कळलं कुणास ठाऊक, म्हणाल्या, "शाबास, आता खरा इतिहास शिक." सगळे माझं अभिनंदन करतायत. मी थँक्यू म्हणतोय.

६ जानेवारी

सकाळच्या बसने निघालो. स्टॉपवर लोरेन होती, कामावर जायला निघालेली. दुसरं कुणी नव्हतं. मला पळून जावंसं वाटलं, पण हातात बॅगा होत्या.

"आज निघालास का?" ती म्हणाली.

"हो."

"थंडी आहे तिकडे. खोली गरम आहे ना?"

"आहे."

मला वाटलं आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग पुढे होऊन माझ्या कोटाची कॉलर, मागून दुमडली होती ती, नीट केली. "शिकून घे नीट," म्हणाली. "फ्रॅनला सांगते, गेला म्हणून."

माझी बस आधी आली. ती तिथेच उभी राहिली, पर्स पोटाशी धरून. तिची उलट्या दिशेची होती.

बस चढ चढून माथ्यावर आली. खाली गाव धुक्यात होतं, नुसती धुराडी दिसत होती. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मोकळं वाटलं. छाती भरून श्वास आला, पुढे रस्ता उघडा दिसत होता आणि मला खरंच, अगदी खरंच बरं वाटत होतं.

हे फ्रॅनला वाटायचं होतं.